पाहुण्यांसाठी उपसलेली विहीर

जाहेदाखालाच्या दारात एक चप्पल काढली आणि सगळ्यात आधी नाकाला कळलं. ब्लीचिंग पावडरचा वास. दुसरी चप्पल पायात तशीच ठेवून मी उभी राहिले. मनाशी म्हटलं, मोरी धुतली असेल. संडास धुतला असेल. शेजाऱ्यांकडून येत असेल. अशा वेळी माणूस स्वतःशी किती भराभर खोटं बोलतो.

"आली का मोना? ये, ये," आतून खालाचा आवाज आला. "सांभाळून ये. फरशी ओली हाय."

नुसती फरशी नाही, मागचं अख्खं अंगण धुतलेलं होतं. एरवी पायात पायात येणाऱ्या कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या होत्या आणि खुराडंही धुऊन लख्ख केलेलं होतं. विहिरीचा कठडा घासून पांढरा केला होता, रहाटाला नवा दोर होता, आणि कठड्याच्या कडेनं मोगऱ्याच्या कुंड्या मांडल्या होत्या. मी वाकून खाली पाहिलं. पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं.

"कसं दिसतंय?" खाला माझ्या खांद्यामागून म्हणाली. "परवा कचरूला बोलावला. मोटारी लावल्या, सगळी उपसली. तळ घासून घेतला त्याच्याकडनं. मग पावडर टाकली, चांगली पाकिटंच्या पाकिटं. आता उद्या तुझी बंगळुरूची मॅडम येऊ दे का कोणी बी येऊ दे. आमच्या पाण्यात घाण निघाली असं लिहून नेलं तर मोहल्ल्यात तोंड कसं दाखवायचं?"

मी तशी गप्प बसणाऱ्यातली नाही. पण त्या क्षणी जे तोंडात आलं होतं ते पन्नाशीच्या, आपल्या मुलीसारखी माया करणाऱ्या बाईला ऐकवण्यासारखं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "छान दिसतंय, खाला," आणि तिनं पुढं केलेला चहा घेतला. चहा कडू लागला. चहाचा दोष नव्हता.

मी एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असेल तेव्हा प्राध्यापक आणि सुट्टी लागली की कोणी नाही. सुट्टीत माझ्यासारखीला वेड लागायची वेळ येते, कारण स्वस्थ बसणं मला जमत नाही. जेवताना माझा पाय हलतो, झोपेतही हलत असावा. गेल्या वर्षी अशीच विद्यार्थिनींना घेऊन जुन्या शहरातल्या विहिरींचं पाणी तपासत फिरत होते. शहराच्या पोटातून खापरी नळांची जुनी नहर गेली आहे. पुष्कळशी बुजली, काही ठिकाणी अजून वाहते. खालाची विहीर त्या नहरीवरच आहे, म्हणून ती भर उन्हाळ्यातही आटत नाही.

त्या दिवशी खालानं हात धुवायला बादली काढून दिली. बादलीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी कुशीवर पडून पोहत होतं. पांढरं, जवळजवळ आरपार दिसणारं. पाय ढीगभर, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. मी फोन काढून कसाबसा एक फोटो घेतला. मग नेहमीच्या घाईनं वाकले, माझाच गुडघा बादलीला लागला आणि बादली मोरीत कलंडली.

जमिनीखालच्या अंधाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जिवांना डोळे लागत नाहीत आणि रंगही लागत नाही. असे जीव जगात ठिकठिकाणी आहेत, पण प्रत्येक ठिकाणचा वेगळा. आपल्या गावाखाली कोण राहतं ते मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं. मला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना.

मोठ्या अनुदानाला मोठी संस्था लागते, मोठा गाईड लागतो, आणि काय सापडणार ते आधीच माहीत असावं लागतं. धूसर फोटोवर पैसे देणारी एकच जात असते, छोटी अनुदानं. बंगळुरूच्या एका संस्थेच्या जाहिरातीत, दुसऱ्यांकडे मागायला लाज वाटेल अशी कल्पना आमच्याकडे घेऊन या, अशा अर्थाचं काहीतरी होतं. माझ्याकडे लाज वाटावी अशीच कल्पना होती. प्राणी पकडायचाच नाही. कुठलाही जीव पाण्यात आपले कण सोडत राहतो, कात टाकतो, घाण करतो. ते पाणी अगदी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणी प्रयोगशाळेत पाठवायची. गाळणीवर अडकलेल्या कणांतला डीएनए ते वाचतात. पाहुणा दिसला नाही तरी त्यानं हात पुसलेल्या टॉवेलवरून तो येऊन गेला हे कळावं, तसं.

त्यांना कल्पना आवडली. हिवाळ्यात मी पाणी गाळलं. एका बाटलीत अगदी पुसट, कोणत्याच माहीत असलेल्या जिवाशी न जुळणारा डीएनए निघाला. बाकी बाटल्यांत काही नाही. संस्थेकडून माझं काम बघणारी श्रेया मूळची पुण्याची. ती फोनवर म्हणाली, "एकदा सापडलं तर ती अफवा, मोनिका. पुन्हा सापडू दे, मग ती बातमी." म्हणून ठरलं की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पुन्हा नमुना घ्यायचा, या वेळी तिच्यासमोर. सापडलं तर पुढचं अनुदान. नाही तर फाईल बंद.

आणि फाईल बंद म्हणजे विहीरही बंद. खालाचा नवरा मजीदचाचा. औरंगपुऱ्यात त्यांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. त्यांना विहिरीवर स्लॅब टाकून माल ठेवायला खोली काढायची होती. घरात नळ आला, आता विहीर कशाला, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. केवळ खालाच्या हट्टापायी ते पावसाळ्यापर्यंत थांबले होते. स्लॅबनं त्या जिवाचं काही बिघडलं नसतं, त्याला उजेड नकोच असतो. पण त्याला बघायची आपली एकुलती एक खिडकी बुजली असती. आणि जे कोणाला दिसत नाही, त्याच्यातून मग ड्रेनेजची लाइन जाते, बोअर जातो, आणि कोणी विचारतही नाही.

आता यात खालाला मी काय सांगितलं होतं? पाणी तपासतेय. एवढंच.

कारण मी करमाडची आहे. आमच्या गावात एका बोअरमधून दोऱ्यासारखं काहीतरी वळवळत वर आलं, तर गावानं दुसऱ्या दिवशी बोअर दगडमातीनं बुजवला होता. आपल्या विहिरीतही किडे आहेत हे खालाला कळलं तर तीही तेच करील, अशी मला खात्री होती. त्यातून मजीदचाचांना स्लॅबसाठी आयतंच निमित्त मिळालं असतं. म्हणून मी गोड बोलत राहिले, तिच्याकडचा चहा पीत राहिले, आणि खरं ते पोटात ठेवलं.

शिवाय माझी एक सवय तिनं नीट पाहिली होती. पाणी गाळायच्या आधी मी बाटल्या, नळ्या, चिमटे, सगळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढायची. ब्लीचनं डीएनए नष्ट होतो. मागच्या ठिकाणचा अंश चिकटून राहिला तर निकाल चुकतो. "एवढं काय धुतीस गं?" तिनं एकदा विचारलं होतं. मी ऐटीत सांगितलं, "जरा जरी घाण राहिली ना खाला, तर रिझल्टच चुकतो." तिनं ते शब्द मनात धरले आणि अख्खी विहीर माझ्या बाटलीसारखी धुऊन ठेवली.

तिच्या घरून निघाले ती शहरातल्या माझ्या खोलीवर गेलेच नाही. तिथं जाऊन काय करणार होते? स्कूटी जालना रोडला लावली आणि चालवत राहिले. श्रेयाला फोन करायचा म्हणून गाडी बाजूला घेतली, फोन काढला, परत ठेवला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. तिनं विमानाचं तिकीट काढलं होतं, ती येणारच होती. सांगून तरी काय होणार होतं, असं म्हणत मी शेंद्र्याच्या कारखान्यांपर्यंत आले. मग लक्षात आलं की माझ्या फ्रीजमध्ये हिवाळ्यातली एक जादा गाळणी आहे, त्याच बाटलीची, जिच्यात तो पुसट डीएनए सापडला होता. ती उद्याच्या गाळण्यांत मिसळली तर? मी गाडी थांबवून खरोखर विचार केला, खोटं कशाला बोलू. केलं नाही, त्याचं कारण प्रामाणिकपणा नव्हे. श्रेया शेजारी उभी असणार आणि मला पत्ते खेळतानाही साधा पत्ता लपवता येत नाही.

करमाडला घरी पोचले तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील काकासाहेब, ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मला बघून म्हणाले, "अवचित कशी काय? कॉलेजानं काढलं व्हय?"

"नाय काढलं."

"मग त्या किड्याचं काय झालं? द्यायलेत का आजून पैशे?" किड्यांसाठी पैसे देणारी माणसं जगात आहेत, हा अण्णांचा आवडता विनोद. गावात भेटेल त्याला ते सांगतात. आज मला हसू आलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

मी सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला. एवढी शिकलेली शेजारीपाजारी माणसं, कोणी तरी तिला थांबवायला नको होतं का, एक फोन करून विचारायचं तरी, वगैरे. अण्णांनी ऐकून घेतलं.

"तुला बघायला नानासायबाची माणसं आली व्हती, ध्यानात हाय का?" ते म्हणाले.

"आता ते कशाला?"

"तव्हा मी काय केलं? घर सारवलं, गोठा सारवला, बैलाची शिंगं रंगवली. रस्त्याकडंचा उकिरडा उचलून पार मागच्या बांधाला नेला. पाव्हणे यायचे म्हनल्यावर मानूस काय करतंय?"

"अण्णा, उकिरडा कोणी तपासायला येत नव्हतं."

"तू मला तव्हा सांगितलं असतं, अण्णा, त्यांना उकिरडाच बघायचाय, तर मी हलवला नसता." ते पुन्हा सुपारीकडे वळले. "अन् हलवला म्हनजे टाकला नाय. खत कोन टाकून देतंय?"

मी चिडून उठले. मला सहानुभूती हवी होती आणि अण्णा मला बैलाची शिंगं दाखवत होते. पण परतताना सबंध रस्ताभर तेच वाक्य डोक्यात राहिलं, सांगितलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेयाला हॉटेलवर घ्यायला गेले. रिक्षात बसल्यावर तिला सांगायचं असं पक्कं ठरवलं होतं. रिक्षात ती म्हणाली, "रात्रभर झोप नाही मला, इतकी उत्सुकता आहे," आणि माझं धाडस तिथंच गळालं. मी तिला रस्त्यातले जुन्या शहराच्या वेशीचे दरवाजे दाखवत राहिले. एवढी बडबड मी कधी केली नव्हती.

जाहेदाखाला दारातच उभी होती, अंगावर इस्त्रीचा दुपट्टा, हातात नानखटाईचा ट्रे. "आओ बेटा, बसा. आधी चहा, मग पाणी." तिनं श्रेयाला मागं अंगणात नेलं आणि माझ्याकडून होत नव्हतं ते काम एका दमात करून टाकलं. विहीर कशी उपसली, कचरू कसा उतरला, पावडर किती टाकली, सगळं.

श्रेयाचा चेहरा बदलला नाही. फक्त नानखटाई तोंडाकडे नेता नेता थांबली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी सांगणार होते," मी म्हटलं.

"कधी?"

श्रेया कठड्याशी गेली, वाकून खाली बघत राहिली. पाणी आता नितळ झालं होतं, तळापर्यंत दिसत होतं. इतकं स्वच्छ पाणी मी आयुष्यात पाहिलं नसेल, आणि मला त्याचा संताप येत होता.

"खाला," श्रेयानं शांतपणे विचारलं, "विहीर उपसली तेव्हा तळाला काय काय निघालं?"

"काय निघणार? गाळ. खापरा. एक पितळी लोटा निघाला, माझ्या सासूचा असंल." खाला बोलता बोलता थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे.

"आणखी?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं बेटा." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "किडे निघाले. सफेद. शेवटचं पाणी राहिलं ना तळाला, त्याच्यात नुसते वळवळायलेत, भातासारखे. मेरा तो दिल बैठ गया. एवढी वर्षं आम्ही हे पाणी पिलो? कचरूला शपथ घातली, कोणाला बोलायचं नाय म्हणून. मग बादल्या वर घेतल्या आणि चाळणीनं गाळून काढले. सगळे. एक बी ठेवला नाय. मोना, तूच सांग मॅडमला, हे नका लिहू म्हणून."

भातासारखे. मी वर्षभर एका पुसट खुणेसाठी जीव टाकत होते, आणि ते इथं भातासारखे होते.

"कुठं टाकले, खाला?" मी विचारलं.

"टाकते कशाला? कोंबड्यांना घातले."

खुराड्यात कोंबड्या आपसात पुटपुटत होत्या. चांगल्या धष्टपुष्ट कोंबड्या. मी खाली ओल्या फरशीवर बसले.

"काय झालं गं? मोना? ऊन लागलं का?"

"खाला, मी पाणी तपासायला नव्हते येत," मी म्हटलं. "मी त्या किड्यांना शोधत होते. ते कुठंच नाहीत दुसरीकडे. म्हणजे असतीलही, कोणाला माहीत नाही. तुमच्या विहिरीत मी एक पाहिला होता. मॅडम त्याच्यासाठीच आल्यात."

मला वाटलं, आता खाला कपाळाला हात लावील, माफी मागील, आणि मला तिची समजूत काढावी लागेल. मी त्याची तयारीही केली होती.

"साल झालं तू या घरात यायलीस," ती म्हणाली. "मेरेकू बोली नहीं."

"मला वाटलं तुम्ही घाबराल. विहीर बंद कराल."

"घाबरलेच असते. मग तू म्हणली असती, घाबरू नका खाला. मग नसते घाबरले." तिनं ट्रे कठड्यावर ठेवला, आवाज न करता. "तुझ्या कामाचं म्हणून मी ते हातानं येचून काढले, मोना."

ती आत गेली. पडदा हलला आणि थांबला. आयुष्यात माझ्यावर पुष्कळ जण ओरडले आहेत. घरचे ओरडले, प्राचार्य ओरडले. पण कोणी मला इतकं हलक्या आवाजात इतकं लागेल असं बोललं नव्हतं. मी उठून तिच्या मागं जायला हवं होतं. गेले नाही. मला लाज वाटत होती, आणि मला लाज वाटली की मी काहीतरी कामाला लागते.

मी खुराड्याकडे बघत होते. श्रेयाही तिकडेच बघत होती. दोघींच्याही मनात एकाच वेळी आलं असावं. कोंबडी जे खाते त्याचा अंश तिच्या विष्ठेत उतरतो, आणि त्यातला डीएनए काही दिवस टिकतो. वाघाच्या विष्ठेवरून तो काय खातो ते शोधतातच की.

"खुराडं धुतलंय," मी म्हटलं. "तिनं सगळंच धुतलंय."

"फिनेलनं?"

"तिचा काही भरवसा नाही."

आणि मग मला अण्णांचा उकिरडा आठवला. खत कोण टाकून देतं? मी कठड्यावरच्या कुंड्यांकडे पाहिलं. मोगऱ्याच्या बुडाशी, काळ्या मातीवर, पांढरट करडा थर पसरलेला होता.

"खाला," मी पडद्याकडे तोंड करून विचारलं, "खुराड्यातली घाण कुठं टाकली?"

आतूनच तिनं सांगितलं, "मोगऱ्याला."

"पाणी घातलं का नंतर?"

"नाय."

मजीदचाचा दुकानाच्या किल्ल्या विसरले म्हणून परत आले, तेव्हा बंगळुरूची मॅडम त्यांच्या अंगणात उकिडवी बसून, हातमोजे घालून, छोट्या चमच्यानं कोंबडीची घाण नळ्यांमध्ये भरत होती. ते दाराशी थबकले.

"ये रिसर्च है?" त्यांनी मला विचारलं.

"हो चाचा."

"इसके पैसे देते?"

श्रेयानंच मान वर केली. "छोटं अनुदान आहे ना चाचा. मोठं असतं तर याच्यासाठी मला वर परवानगी मागावी लागली असती." तिनं नळीचं झाकण लावलं. मग मला म्हणाली, "पुढचं अनुदान मिळेलच असं नाही, मोनिका. आणि जे झालं ते सगळं तू लिहायचंस. विहीर का धुतली गेली, तेही."

तेही म्हणजे काय, ते मला कळलं. मी लिहिलं. जाहेदाखालाचं नाव घालून तिच्यावर ढकलणारं वाक्य फार सोपं होतं. शेवटी मी लिहिलं की विहिरीच्या मालकिणीला कामाचा हेतू सांगितलेला नव्हता, म्हणून नमुना नष्ट झाला. सरळ वाक्य, पण लिहायला सबंध दुपार गेली.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. खाला फोन उचलेना. मी दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. परीक्षेची सुपरव्हिजन लागली होती, वर्गात मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की एका मुलीनं हात वर करून म्हटलं, "मॅडम, प्लीज बसा ना." प्रयोगशाळेची मेल आली की नाही ते बघायला फोन खिशातून काढायचा, ठेवायचा, पुन्हा काढायचा. पावसाळा तोंडावर आला होता. मजीदचाचांनी पावसाळ्यापर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं.

निकाल आला तेव्हा मी भाजी घेत होते. श्रेयाचा फोन. हिवाळ्यातल्या बाटलीत सापडला होता तोच डीएनए, आणि या वेळी पुसट नाही, ठळक. जवळजवळ प्रत्येक नळीत. "ही बातमी आहे," ती म्हणाली. "मोनिका, ऐकतेस ना? संस्था पुढचं अनुदान देतेय." मी भाजीवाल्याकडे पिशवी तशीच टाकून स्कूटीला किक मारली. आनंदानं मला वेडं केलं होतं. खालाला सांगायचं होतं, सगळ्यात आधी तिलाच.

तिच्या दारात वाळूचा ढीग होता. विटा होत्या. भिंतीला टेकवून सेंट्रिंगच्या फळ्या ठेवल्या होत्या.

मी चप्पल न काढताच आत शिरले. मजीदचाचा मधल्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते. पलीकडे अंगणाच्या दाराबाहेर सिमेंटच्या गोण्या एकावर एक रचल्या होत्या.

"स्लॅब पडला का?" मी विचारलं.

"कैसा पडेगा?" ते म्हणाले. "मिस्त्री आला, त्याला तिनं परत पाठवला. काल बी. आज बी. जा, तूच समजाव तुझ्या खालाला."

अंगणात विहिरीवर काही नव्हतं. कठड्याशी लाकडी स्टूल होतं आणि स्टुलावर खाला. पुढ्यात बादली, बादलीवर मलमलीचा तुकडा बांधलेला, शेजारी पांढरी ताटली. कोंबड्या खुराड्यात कोंडलेल्या होत्या. तिनं मला पाहिलं आणि पायानं पायरीवरचा एक पाट माझ्याकडे सरकवला.

"खाला, रिझल्ट आला," मी म्हटलं. "सापडला."

"कोंबड्यांच्या घाणीत?"

"हो. भरपूर."

"म्हणजे तेच होते."

"तेच."

"मग तुझं काम झालं," ती म्हणाली. "चांगलं झालं." ती हे मनापासून म्हणत होती, आणि म्हणूनच माझा आनंद ओसरला. मी घेऊन आलेली बातमी काय होती? तुमच्या कोंबड्यांनी काय खाल्लं त्याचा पक्का पुरावा. ते होते, एवढंच मला सिद्ध करता आलं होतं.

तिनं मलमलीची गाठ सोडली आणि ती ताटलीत उलटी करून झटकली. ताटली उजेडात धरून तिनं डोळे बारीक केले. पाचोळ्याचा एक कण होता, बाकी काही नाही. मग तिनं बादलीतलं पाणी विहिरीत परत ओतलं, कडेकडेनं, आवाज होणार नाही असं.

"नहरीत मागं असतील ना गं आजून?"

"असतील. नहर लांब आहे. पावडरीचा असर गेला की येतीलही. नक्की नाही सांगता येत."

"खरं सांगायलीस ना?"

"खरं सांगतेय, खाला. आता सगळं खरंच सांगणार."

मजीदचाचा दारात येऊन उभे राहिले होते. "और नहीं आए तो?" ते म्हणाले. "पाऊस आला की सिमेंटच्या गोण्यांचा दगड होईल. फिर क्या करेगी तू?"

"होने दो," खाला म्हणाली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मैं निकाली ना उनको. तो मैंच बैठूंगी."

चाचा आतून एक जुनी ताडपत्री आणून गोण्यांवर टाकायला लागले. मी पाटावर बसले. विचारायचं पुष्कळ होतं, सांगायचंही होतं, श्रेयाला फोन करायचा होता, भाजी तशीच पडली होती. पण मी बसले.

खालानं रिकामी बादली माझ्याकडे सरकवली आणि दोर हातात दिला.

"आता तू काढ," ती म्हणाली. "हळू सोड. तुझा गुडघा लागतो बादलीला."

मी दोर सोडला, हळू.